खिडकीतलं कापड फुगलं? आधी मिठाची बरणी बघा

राखीपौर्णिमेसाठी केलेलं कार्ड. मॅटीवर, म्हणजे भरतकामाच्या घरं-घरं असलेल्या सुती कापडावर, फुली टाक्याची होडी: लाल बूड, पांढरं शीड, खाली निळ्या दोऱ्याच्या चार लाटा. करताना कार्डाच्या खिडकीत, म्हणजे मागून कापड चिकटवण्यासाठी कार्डात कापलेल्या चौकटीत, अगदी ताठ बसली होती. तीन आठवड्यांनी पाकिटातून काढली तर शिडात खरंच वारं भरल्यासारखं कापड पुढे आलेलं, कार्डाची पाठ नळ्याच्या कौलासारखी वाकलेली आणि एका कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा पिवळट डाग. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यां असां कित्याक फुगलां गो?"

त्या वर्षी मी गम बदलला. पुढच्या वर्षी टेप बदलली. त्याच्या पुढच्या वर्षी महागातला कागद आणला. कार्डं फुगतच राहिली. वेंगुर्ल्यात राहून बचत गटासाठी राखीची आणि गणपतीची कार्डं करायची म्हणजे चिकटवण्याचं सगळं काम ऐन आषाढात येतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पडणारा आमचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांत उरकतो. आतापर्यंत माझी स्वतःची आणि गटातल्या बायकांची मिळून शंभरावर कार्डं मी उसवून पुन्हा बसवली असतील. त्यातून एवढं कळलं की गमाला शिव्या सगळ्यात शेवटी द्यायच्या. चिकटवताना कापड आणि कागद कोरडे होते का, आणि कापड आपलं आपण सपाट होतं की ओढून ताणून सपाट केलं होतं, या दोन प्रश्नांपाशी बहुतेक कार्डांचं दुखणं सापडतं.

खाली तपासण्या सोप्या आणि फुकटच्या आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या नंतर, अशा लावल्या आहेत. मधूनच उडी मारू नका. मी मारली होती म्हणून सांगते.

आधी लक्षण ओळखा

कार्ड घराच्या खिडकीपाशी न्या आणि उजेड बाजूने पडेल असं आडवं धरा. समोरून बघितलं तर निम्म्या गोष्टी दिसत नाहीत.

कापड ढिलं पडून पुढे आलंय का? मग आठवा: पहिल्या दिवसापासून असं होतं की नंतर झालं? पावसाची झड लागली की फुगतं आणि दोन दिवस ऊन पडलं की बसतं, असं असेल तर तो दमटपणा. पहिल्या दिवसापासूनच सुरकुती असेल तर ती आपल्या हातची चूक, हवेला दोष देऊ नका.

कार्डच वाकलंय का? कोणत्या बाजूला, ते बघा. कापड ज्या बाजूला चिकटवलंय त्या बाजूला पोकळ होऊन वाकलं असेल तर एक तर कापड फार ताणलंय, नाही तर पाण्याचा अंश असलेला गम वाळताना कागदाला घेऊन आत ओढला गेलाय.

कापडाची कड खिडकीच्या चौकटीखालून सुटून बाहेर डोकावते आहे का? तो बहुतेक वेळा मापाचा घोळ असतो.

डाग असतील तर त्यांच्या जाती वेगवेगळ्या. तेलकट, आरपार दिसल्यासारखा डाग म्हणजे टेपचा किंवा गमाचा चिकटा कापडात उतरलाय. भरताना कापड धरणाऱ्या रिंगच्या गोल खुणेवर किंवा कडेला पिवळटपणा असेल तर तो हाताचा घाम आणि तेल. काळे-हिरवट बारीक ठिपके आणि नाकाला कुबट वास म्हणजे बुरशी. आणि नारिंगी-तपकिरी टिंब, ज्याला कडेने वलय आहे, तो गंज. कधी तरी सुई कापडातच टोचून ठेवली होती, आठवून बघा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत सुईला गंज चढायला पावसाळाभर थांबावं लागत नाही.

शेवटचं, कार्ड सपाट आहे पण मिटत नाही, आपोआप 'आ' करून उघडतं. हे सगळ्यात सोपं. त्याबद्दल खाली दोनच ओळी आहेत.

पहिली तपासणी: मीठ आणि पापड

फुकट, आणि एका मिनिटाची. स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या बरणीचं झाकण उघडा. बारीक मिठाचे गोळे झाले असतील, चमचा ओला निघत असेल तर आज चिकटवायचं काम करायचं नाही आणि फुगलेल्या कार्डाबद्दल काही निर्णयही घ्यायचा नाही.

हे नुसतं आजीबाईचं शहाणपण नाही. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. जाडं मीठ तर त्याच्याही आधी पाझरतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते जास्त हावरे. शिरोड्याची मिठागरं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, १९३० चा सत्याग्रह झाला तिथलीच. तिथल्या मिठाची बरणी मी आर्द्रतामापकासारखी वापरते. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मापक नंतर घेतला, पण त्याने मिठाला फारसं खोटं पाडलेलं नाही.

दुसरी खूण पापडाची. तळलेला पापड ताटलीत उघडा ठेवा. चहा होईपर्यंत तो मऊ पडला तर कागदही मऊ पडलाच आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

हे का महत्त्वाचं? कागद आणि सुती कापड दोघंही हवेतलं पाणी पितात, पण सारखं पीत नाहीत आणि सारखे फुगत नाहीत. ओल्या हवेत चिकटवलेली जोडी कोरड्या हवेत गेली की दोघं आपापल्या मापाने आकसतात. मुंबईच्या एसी ऑफिसात पोहोचलेलं आमचं कार्ड तिथे वाकतं, ते यामुळे. उलटंही होतं: मे महिन्यात केलेलं कार्ड जुलैत फुगतं.

दुसरी: गालाला लावा, मग दाबून ठेवा

कार्ड गालाला लावा. थंड लागलं तर ओल आहे. धुतलेले कपडे सुकले की नाही हे आपण असंच बघतो. बोटांपेक्षा गालाला जास्त कळतं.

ओल असेल तर उसवण्याची घाई नको. टेबलावर जाड टॉवेल, त्यावर कोरा पांढरा कागद, त्यावर कार्ड पालथं, म्हणजे टाके टॉवेलात रुततील आणि चेपणार नाहीत. वर पुन्हा कोरा कागद, त्यावर पाट, आणि पाटावर तांदळाने भरलेला डबा. एक रात्र, जमलं तर दोन. मध्ये एकदा कागद बदलायचा. वर्तमानपत्र घालू नका, दमट हवेत त्याची शाई पांढऱ्या मॅटीवर उतरते आणि मग शिडावर कालच्या बातम्या वाचत बसावं लागतं.

खोली कोरडी हवी, नाही तर दाबून काही साधत नाही. एसी असेल तर 'ड्राय'वर लावा. नसेल तर मोठ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कार्ड दोन दिवस ठेवा आणि मग दाबा. रंग बदलणारे खडे मिळतात, ते भरले की गॅसवर मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. पण ते तापवायचं भांडं खाण्याचं नको. भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी हा जुना उपाय, मिठाच्या डबीत ठीक आहे, कार्डांच्या डब्यात नको. महिन्याभरात किडे होतात.

चुलीवरच्या फळीवर सुकवू नका. मी एकदा पंधरा कार्डं तिथे ठेवली होती. खडखडीत वाळली, एकही फुगलं नाही. डोंबिवलीच्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, कार्ड सुंदर आहे, पण सुक्या बांगड्याचा वास येतोय."

या दोन तपासण्यांत कार्ड बसलं तर इथेच थांबा. त्याचा अर्थ बसवणी बरोबर आहे, फक्त साठवण चुकते आहे.

तिसरी: पट्टीचं माप

मिटत नसलेल्या कार्डासाठी. दोन घड्या घालून तीन भाग केलेल्या कार्डात पाठीमागून येऊन कापड झाकणारी पट्टी बाकी दोन भागांपेक्षा २ मिलिमीटर अरुंद हवी. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक भाग ९९, आणि झाकणपट्टी ९७. स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन दोन मिलिमीटर कापा, झालं.

चौथी: हात आणि धुणं

आयडा किंवा मॅटी दुकानातून आणतो तेव्हा कडक असते, कारण तिला खळ असते. ती कडक म्हणून शिवायला सोपी, आणि म्हणूनच न धुता कार्डात बसवायचा मोह होतो. पावसाळी हवेत ती खळ नरम पडते, कापड लुळं होतं आणि खिडकीत पोट काढतं. शिवाय खळ हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य. त्यावर आपल्या बोटांचं तेल, भजी खाऊन पुसलेल्या हातांसकट.

पिवळटपणा, रिंगची खूण किंवा वरचेवर बुरशी येत असेल तर पुढच्या कार्डासाठी हे बदला: भरून झालं की कापड गार पाण्यात, थेंबभर सौम्य साबणाने, न चोळता धुवायचं. त्याआधी लाल, मरून आणि गडद निळ्या दोऱ्यांची परीक्षा. मागच्या बाजूने ओला पांढरा कापूस त्या रंगावर दाबून धरा. कापूस रंगला तर धुताना पाणी गार ठेवा आणि रंग येणं थांबेपर्यंत बदलत राहा. अर्धवट सोडून वाळवलंत तर तो रंग कापडात कायमचा मुक्काम करतो. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. डाग असलेल्या कापडावर इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने डाग पक्का होतो.

धुतलं की खळ जाते आणि कापड किंचित आटतं. ते कार्डात बसल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटलेलं बरं.

पाचवी: टेप की गम

कड सुटली असेल किंवा कार्ड वाकलं असेल तर झाकणपट्टीचा एक कोपरा हळूच उचलून आत काय आहे ते बघा.

पांढरा गम संपूर्ण पट्टीभर ब्रशने फासलेला असेल तर वाकण्याचं कारण सापडलं. त्यातलं पाणी कागदाच्या एकाच बाजूला शिरतं, ती बाजू फुगते, मग वाळताना आकसते आणि सगळं कार्ड आपल्याबरोबर ओढते. कार्डासाठी डबल साइड टेप बरी, त्यात पाणीच नाही. पण जाडजूड फोमची टेप खिडकीभोवती नको, तिच्या उंचीमुळे कापड आणि चौकट यांच्यात फट राहते आणि त्या फटीत दमट हवा खेळते.

टेप आहे आणि तरी सुटली, तर तीन प्रश्न विचारा. कापडावर धूळ किंवा दोऱ्याचा भुसा होता का? टेप लावल्यावर नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासून दाबली होती का? या टेपला दाब आणि वेळ लागतो. लावल्या लावल्या तिची पकड पुरी नसते, एक दिवस वजनाखाली ठेवलं की ती नीट धरते. आणि टेप खिडकीच्या अगदी कडेला आली होती का? कडेपासून २ मिलिमीटर आत ठेवा, नाही तर चिकटा बाहेर येऊन धूळ पकडतो आणि महिन्याभरात खिडकीला काळी किनार दिसते.

पिवळट चिकटा उतरणारी स्वस्त टेप कापडावर वापरू नका. दुकानात विचारताना 'अॅक्रिलिकची आहे का' असं विचारा. रबरी चिकट्याची लवकर पिवळी पडते. आमच्या इथल्या दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुरणपोळीत साबुदाणा मागितला. आता तोच सांगतो.

सहावी: माप आणि ताण

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, आणि गटातल्या बहुतेक कार्डांचं खरं मूळही इथेच निघतं.

आधी माप. समजा नमुना ४२ फुल्या रुंद आहे. १४ काउंटवर, म्हणजे इंचाला १४ घरं, तो ३ इंच होतो, साधारण ७६ मिलिमीटर. नमुन्याभोवती प्रत्येक बाजूला ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे खिडकी ८८ ची. कार्डाचा भाग ९९ चा. उरली काय? प्रत्येक बाजूला साडेपाच मिलिमीटर. त्यात २ मिलिमीटर कडेपासून सोडून टेप लावायची कुठे? म्हणून कड सुटते. तोच नमुना १८ काउंटवर दोऱ्याच्या एका पदराने भरला तर तो ५९ मिलिमीटरचा होतो, खिडकी ७१ ची, आणि दोन्ही बाजूंना चौदा-चौदा मिलिमीटर चौकट उरते. कापड, टेप, कागद सगळ्यांना श्वास घ्यायला जागा. नमुना निवडतानाच हा हिशेब करा. फुल्या मोजा, काउंटने भागा, २५.४ ने गुणा. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, कारण प्रत्येक श्रावणात कुणीतरी १४ काउंटवर गणपती भरून आणतंच, आणि गणपतीचे कान चौकटीत जातात.

कापड खिडकीपेक्षा चारही बाजूंना जेवढं जास्त ठेवता येईल तेवढं ठेवा, पण घडीवर येऊ देऊ नका. घडीत कापड अडकलं की कार्ड कधीच नीट मिटत नाही.

आता ताण. आपल्याला वाटतं, ढोलकीच्या कातड्यासारखं ताणून चिकटवलं की सुरकुती जाईल. त्या क्षणी जाते. पण ताणलेलं सुत परत मूळ मापावर यायला बघतं. २२० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाच्या कागदाचं) कार्ड त्याच्यापुढे टिकत नाही, ते वाकतं; किंवा टेप सरकते आणि कापड ढिलं पडतं. म्हणजे फुगणं आणि वाकणं ही दोन्ही लक्षणं एकाच जादा ताणातून येतात. कापड ताणून सपाट करायचं नसतं, ते कार्डात जाण्याआधीच सपाट असावं लागतं.

ते असं. टॉवेलावर नमुना पालथा ठेवा, कापड किंचित दमट असताना मागून इस्त्री करा, टाके टॉवेलात रुतून उठून दिसतात. जरीचा चमकता दोरा असेल तर इस्त्री कोमटच, तो वितळतो. इस्त्री फिरवू नका, उचलून उचलून दाबा. फिरवली की मॅटीची घरं तिरकी होतात. मग पूर्ण गार होऊ द्या. पुन्हा गालाला लावा. थंड नाही लागलं की मगच पुढे.

सरळ बसवण्यासाठी नमुन्याच्या चारही बाजूंच्या मध्यावर, मॅटीच्या एकाच घराच्या ओळीने, एक-एक कच्चा टाका घाला, रंगीत दोऱ्याचा. खिडकीच्या चारही कडांचा मध्य पेन्सिलीने मागून खूण करा. कार्ड पालथं ठेवा, टेपचा कागद सोला, नमुना पालथा धरून वरची खूण जुळवा आणि मध्यावर टेकवा. मग खालची. मग डावी, उजवी. कोपरे शेवटी. कार्ड उलटून बघा. होडी कलली असेल तर आत्ता उचला, अर्ध्या मिनिटात टेप अजून सोडते. बरोबर असेल तर कच्चे टाके काढा आणि चमच्याच्या पाठीने चौकट घासा.

सातवी: कागदाची धाटणी

घडीवर रंग तडकून पांढरी चीर दिसते? कार्ड नेहमी एकाच दिशेने वाकतं? मग कागद उलट्या धाटणीने कापलाय.

कागदातले तंतू एका दिशेने जास्त असतात. त्या दिशेला समांतर घडी सहज पडते, आडवी घडी तडकते. आणि ओलाव्याने कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. ओळखायचं कसं? त्याच कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक लांबीतून, एक रुंदीतून. दोन्ही एका टोकाला एकत्र धरून आडव्या धरा. जी जास्त खाली लोंबते तिच्यात तंतू आडवे आहेत. जी ताठ राहते तिच्यात लांबीतून. घडीची रेघ तंतूंना समांतर ठेवा. घडी पाडण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून रेघ ओढून घ्या.

२५० ते ३०० जीएसएम कागद घेतला तर वाकणं बरंच कमी होतं. त्यापुढे गेलात तर घडी हाताने नीट पडत नाही.

आठवी: उसवा आणि फ्यूजिंग लावा

इथून पुढे मेहनत आहे. कार्ड वाचवायचा विचार सोडा, टाके वाचवायचे.

टेप असेल तर केस वाळवण्याचा ड्रायर अर्धा मिनिट कोमट फिरवा आणि कार्ड व कापड यांच्यात जाड दोरा सरकवून करवतीसारखा ओढा. उरलेला चिकटा खोडरबराने गोळा होतो. गम असेल तर कागद जेवढा सोलता येईल तेवढा सोला आणि, रंग जात नाही याची खात्री केल्यावर, कापड पाण्यात भिजवा. साधा पांढरा गम मऊ पडून बोटाने निघतो. पाण्याला दाद न देणारा प्रकार असेल तर नाही निघणार. ओरबाडू नका, टाके तुटतील.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून झालं की मागे पातळ फ्यूजिंग लावा. शिंप्याकडे मिळतं, कॉलरसाठी वापरतात तेच, पण सगळ्यात पातळ मागा. चकाकणारी ठिपक्यांची बाजू कापडाच्या पाठीला, वर सुती रुमाल, इस्त्री दाबून धरायची. त्याने कापडाला स्वतःचा ताठपणा येतो, कडेचे धागे निघत नाहीत आणि खिडकीत ताणायची गरजच उरत नाही. गडद दोऱ्याच्या ज्या शेपट्या मागून पांढऱ्यातून दिसत होत्या त्या मात्र आधी कापा. फ्यूजिंगखाली गेल्या की जन्मभर दिसतात.

मी आता प्रत्येक पावसाळी कार्डाला हे करते.

नववी: पुठ्ठ्यावर आवळून

नमुना मोलाचा असेल आणि चिकटा त्याला अजिबात लागू द्यायचा नसेल तर हा मार्ग. खिडकीपेक्षा थोडा मोठा पातळ पुठ्ठा कापायचा, त्यावर कापड ठेवून मागे दुमडायचं आणि मजबूत दोऱ्याने एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत लांब लांब टाके घालून आवळायचं, आधी उभे मग आडवे. मध्यापासून बाहेरच्या बाजूला. इथे ताण पुठ्ठ्यावर येतो, कार्डावर नाही. मग टेप पुठ्ठ्याला लागते, कापडाला नाही. कार्ड जाड होतं, साध्या पाकिटात मावत नाही. पण दहा वर्षांनी कुणी ते उघडून फ्रेम करायचं म्हटलं तर नमुना जसाच्या तसा सुटतो.

इथे थांबा

काही कामं आपली नाहीत.

नमुना जुना असेल, आजीच्या किंवा पणजीच्या हातचा, रंग पक्के की कच्चे माहीत नसेल, तर त्याला पाणी, ड्रायर, इस्त्री काहीही लावू नका. चांगल्या फ्रेमवाल्याला विचारा, पण तोही गम लावतो का ते आधी विचारा. खरंच मोलाचा असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणचा सल्ला घ्या.

बुरशी टाक्यांच्या पुढच्या बाजूला येऊन रंग बदलला असेल तर ब्लीच घालू नका. बुरशी जाते, पण दोऱ्याचा रंग आणि सुताचा जीवही जातो. ताजी, वरवरची बुरशी असेल तर तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने झटका. घरात कुणाला दमा असेल तर तेही त्याच्या आसपास नको. गंजाच्या डागाला लिंबू-मीठ लावायचा सल्ला मिळेल. पांढऱ्या चादरीला ठीक आहे, रंगीत टाक्यांना नाही. मी लावलंय. होडीचं लाल बूड गुलाबी झालं.

पंचवीस-तीसच्या वर कार्डं करायची असतील तर खिडक्या कटरने कापत बसू नका. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसकडे क्रीझिंग (घडीची रेघ पाडणं) आणि डाय कटिंगची (साच्याने कापण्याची) सोय असते. घड्या सरळ येतात, खिडक्या एका मापाच्या येतात आणि आपली बोटं वाचतात.

आणि सगळं बरोबर करूनही कपाटातली प्रत्येक गोष्ट, कार्डं, वह्या, साडीच्या घड्या, दर पावसाळ्यात बुरसटत असेल तर दुखणं कार्डात नाहीच, ते भिंतीत आहे. कपाट चार बोटं पुढे ओढून मागे हात लावून बघा. माझ्या कपाटामागची भिंत ओलीचिंब होती. वरचं कौल सरकलं होतं आणि पागोळी आतून उतरत होती. त्याला सिलिका जेलचं पोतं ठेवलं तरी पुरत नाही, गवंडीच लागतो. त्याला मे महिन्यात सांगा. मृग लागला की तो शेतावर असतो.